सिडनीत मुक्काम कुठे करावा: आई-बाबा आणि लहान मुलगी सोबत असताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिवाळीच्या सुट्टीत पाच जण सिडनीला येताहेत: नवरा-बायको, सात वर्षांची मुलगी आणि नवऱ्याचे आई-बाबा. शनिवारी सकाळी उतरायचं, पुढच्या शनिवारी परत. आईंना गुडघ्यांचा त्रास आहे, बाबा पक्के शाकाहारी. शहराच्या पश्चिमेला वेंटवर्थव्हिल या उपनगरात राहणारा मामेभाऊ म्हणतो, हॉटेल करायचंच नाही, आमच्याकडे राहा. बायकोची इच्छा आहे की खिडकीतून ओपेरा हाऊस दिसावं. आणि डार्लिंग हार्बरला 'हार्बर व्ह्यू' असलेलं एक हॉटेल बऱ्या दरात मिळतंय, तर ते घ्यावं का?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. डार्लिंग हार्बरचं ते हॉटेल घेऊ नका. शनिवारची रात्र मामेभावाकडे काढा. रविवारी संध्याकाळी शहरात या आणि विनयार्ड ते टाऊन हॉल या दोन स्टेशनांच्या मधल्या पट्ट्यात दोन बेडरूम, दोन बाथरूमचं सर्व्हिस्ड अपार्टमेंट (स्वयंपाकघर आणि हॉटेलसारखी सेवा असलेला फ्लॅट) सहा रात्रींसाठी घ्या. ओपेरा हाऊसच्या खिडकीचं काय करायचं ते पुढे सांगतो, त्यालाही वाट आहे.

मी सिडनीत राहतो आणि भारतातून येणाऱ्या कुटुंबांचे मुक्काम ठरवून देणं हेच माझं काम आहे. लोक खोली निवडताना खिडकीतून काय दिसेल हे बघतात. मी आधी बघतो ते हे की दिवसभर फिरून संध्याकाळी सहा वाजता दमलेली आजी स्टेशन किंवा धक्क्यापासून खोलीपर्यंत कशी पोहोचणार. किती मीटर, किती चढ, किती पायऱ्या. सिडनीत हा प्रश्न खरा आहे, कारण हे शहर सपाट नाही. नकाशावर चारशे मीटर दिसणारं अंतर प्रत्यक्षात सरळ चढणीचं असू शकतं.

आता डार्लिंग हार्बर. सिडनीचं बंदर म्हणजे एक सरळ किनारा नाही. समुद्राचं पाणी आत खोलवर शिरलंय आणि त्याला अनेक फाटे फुटलेत. डार्लिंग हार्बर हा त्यातला एक फाटा, हार्बर ब्रिजच्या नैर्ऋत्येला, ओपेरा हाऊसच्या अगदी उलट्या अंगाला. तिथल्या हॉटेलनं 'हार्बर व्ह्यू' म्हटलं तर ते खोटं बोलत नाहीत, पाणी दिसतंच. पण ते कॉकल बे या आतल्या खाडीचं पाणी. ओपेरा हाऊस तिथून दिसत नाही. फोटोतला पूल आणि ती पांढरी छपरं डोळ्यांसमोर ठेवून पैसे भरलेली माणसं पडदा उघडल्यावर हिरमुसतात, हे मी अनेकदा पाहिलंय. दुसरं म्हणजे तिथून टाऊन हॉल स्टेशनला यायचं तर चढ आहे. जाताना उतार म्हणून कळत नाही, परत निघताना गुडघे सांगतात. मुलीसाठी मात्र हा भाग उत्तम आहे: मत्स्यालय, सागरी संग्रहालय, पाण्यात खेळायची सोय असलेलं मोठं क्रीडांगण, १९८८ साली बांधलेली चिनी बाग. एक अख्खा दिवस तिथे द्या. राहायला जायची गरज नाही.

द रॉक्स आणि सर्क्युलर की हा बंदराचा खरा दर्शनी भाग. फेरी, रेल्वे आणि ट्राम तिन्ही सर्क्युलर कीला एकत्र येतात, ओपेरा हाऊस पायी दहा मिनिटांवर. पैशांची अडचण नसेल आणि दोघंच येत असाल तर मी डोळे मिटून हाच भाग सुचवतो. पण द रॉक्स म्हणजे खडक फोडून वसवलेली जुनी वस्ती. गल्ल्या फरसबंदी, मधेच दगडी जिने, वरच्या रस्त्यावरून खालच्या रस्त्यावर यायला पायऱ्या. शिवाय तिथल्या जुन्या पबांना शुक्रवार-शनिवारी उशिरापर्यंत गर्दी असते आणि जुन्या इमारतींच्या खिडक्या तो आवाज अडवत नाहीत. सर्क्युलर कीच्या डोक्यावरून उन्नत महामार्ग आणि रेल्वे जाते, त्यामुळे तिथेही खालच्या मजल्यांवर शांतता मिळेलच असं नाही.

आणि एक गोष्ट, जी खोली विकणारा आपणहून सांगत नाही. सर्क्युलर कीच्या पश्चिम काठावर, म्हणजे द रॉक्सच्या बाजूला, मोठ्या प्रवासी जहाजांचा धक्का आहे. जी जहाजं पुलाखालून जाऊ शकत नाहीत ती इथेच लागतात. जहाज म्हणजे दहा-बारा मजली इमारत. ते एकदा लागलं की द रॉक्समधल्या बऱ्याच खालच्या-मधल्या खोल्यांसमोरून ओपेरा हाऊस नाहीसं होतं आणि समोर फक्त जहाजाच्या बाल्कन्या उरतात. बहुतेक जहाजं पहाटे येतात आणि संध्याकाळी निघतात. तुम्ही येताय तो ऑक्टोबर-नोव्हेंबरचा काळ नेमका क्रूझच्या हंगामाचा. न्यू साउथ वेल्सचं बंदर प्राधिकरण जहाजांचं वेळापत्रक संकेतस्थळावर जाहीर करतं. तुमच्या तारखांना ओव्हरसीज पॅसेंजर टर्मिनलला, म्हणजे याच धक्क्याला, कोणतं जहाज आहे ते पाहा आणि मगच त्या खोलीचे जास्तीचे पैसे मोजा.

वहिनींची इच्छा मात्र मोडू नका. मी असं करायला सांगेन: आठवड्याच्या मधली एक रात्र, मंगळवार किंवा बुधवार, जहाज नसलेला दिवस बघून तुम्ही दोघांनी सर्क्युलर कीजवळ ओपेरा हाऊस दिसणारी खोली घ्या. खोलीच्या वर्णनात 'ओपेरा हाऊस व्ह्यू' असे शब्द हवेत. 'पार्शल व्ह्यू' म्हणजे बहुधा बाल्कनीच्या कोपऱ्यातून मान वळवून दिसणारा तुकडा. मुलगी आजी-आजोबांबरोबर अपार्टमेंटमध्येच राहील. विनयार्डहून सर्क्युलर कीपर्यंत पायी दहा-पंधरा मिनिटं लागतात, रात्री काही लागलं तर लगेच पोहोचता येतं. सामान हलवायचं नाही, छोटी बॅग पुरते. पाच जणांसाठी सहा रात्री नजाऱ्याचे पैसे भरण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

बाकीच्यांना तोच नजारा फेरीतून मिळतो. सर्क्युलर कीहून मॅनली या समुद्रकाठच्या उपनगराला जाणारी सरकारी फेरी पकडा. प्रौढांचं तिकीट दहा डॉलरच्या आत, अर्ध्या तासाचा प्रवास, आणि ओपेरा हाऊस व १९३२ साली खुला झालेला पूल दोन्ही इतक्या जवळून दिसतात की कोणत्याही खिडकीतून दिसणार नाहीत. जाताना उजवीकडे बसा. ऑक्टोबरअखेर सूर्य सव्वासात-साडेसातला मावळतो. साडेपाच-सहाच्या फेरीनं मॅनलीहून परत निघालात तर तिरप्या उन्हात पुलाच्या दिशेनंच येता. आईंना यात एकही पायरी चढावी लागत नाही. चढउताराची फळी भरती-ओहोटीप्रमाणे थोडी तिरकी होते, तेवढाच हात धरा.

आता मी सांगितलेला विनयार्ड ते टाऊन हॉल हा पट्टा. यॉर्क, क्लॅरेन्स, जॉर्ज आणि पिट हे रस्ते इथे उत्तर-दक्षिण असे बऱ्यापैकी सपाट धावतात. चढउतार प्रामुख्याने आडव्या रस्त्यांवर आहेत. म्हणून इमारतीचा पत्ता पाहताना ती उभ्या रस्त्यावर आहे ना, एवढं बघा. केंट स्ट्रीटच्या पलीकडे, ससेक्स स्ट्रीटला उतरलात की तोच डार्लिंग हार्बरचा उतार सुरू. जॉर्ज स्ट्रीटवरची ट्राम २०१९च्या डिसेंबरात सुरू झाली. तिचा मजला फलाटाच्या पातळीत असतो, त्यामुळे गुडघेदुखीच्या माणसाला बसपेक्षा ती फार सोपी. विनयार्डहून बरांगारूच्या फेरी धक्क्याकडे जायला डोंगराखालून काढलेला पादचारी बोगदा आहे, म्हणजे वरचा चढ आणि जिने टळतात. २०२४च्या ऑगस्टमध्ये मेट्रो शहराच्या पोटातून धावायला लागली आणि बरांगारू, मार्टिन प्लेस, गॅडिगल अशी नवी स्टेशनं मिळाली. त्याआधी लिहिलेले सल्ले वाचत असाल तर ते जपून वाचा. कोणता भाग सोयीचा आणि कोणता गैरसोयीचा, हे गणित तेव्हापासून बरंच बदललंय.

अपार्टमेंटच का? पहिलं कारण नियमाचं. इथली हॉटेलं खोलीत किती माणसं चालतील हे काटेकोर पाळतात. पाच जण म्हणजे दोन खोल्या, आणि त्या शेजारशेजारच्या मिळतीलच अशी खात्री नाही. दुसरं कारण बाबांच्या जेवणाचं. शहरात भारतीय उपाहारगृहं आहेत, पण सकाळी सातला पोहे आणि रात्री मऊ भात हवा असेल तर स्वतःची शेगडी लागते. थाई किंवा चिनी हॉटेलात 'व्हेजिटेबल' लिहिलेल्या पदार्थात फिश सॉस किंवा ऑयस्टर सॉस असू शकतो. प्रत्येक वेळी विचारावं लागतं. तिसरं, वॉशिंग मशीन बहुतेक अशा अपार्टमेंटमध्ये असतं आणि सात दिवसांचे कपडे वाहून आणावे लागत नाहीत.

इथे दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. पहिली बाथरूमची. सिडनीतल्या बऱ्याच हॉटेलांत आणि अपार्टमेंटांत शॉवर टबच्या वर असतो. म्हणजे आंघोळीला टबची गुडघ्याइतकी उंच कड ओलांडून ओल्या, गुळगुळीत टबात उभं राहायचं. आईंसाठी हे सगळ्यात धोक्याचं ठिकाण आहे, बाहेरच्या कोणत्याही पायरीपेक्षा जास्त. बुकिंग करताना ईमेलनं लेखी विचारा की निदान एका बाथरूममध्ये 'वॉक-इन शॉवर' आहे का, आणि उत्तर जपून ठेवा. फोटो पाहून ठरवू नका, फोटो बहुतेक वेळा दुसऱ्याच फ्लॅटचा असतो.

दुसरी फोडणीची. फोडणीच्या धुरानं आतला अलार्म वाजला तर घाबरून फ्लॅटचा मुख्य दरवाजा उघडू नका. आपल्याकडची सवय दार उघडून धूर बाहेर काढायची. इथे तो कॉरिडॉरमध्ये जातो, तिथला सेन्सर इमारतीच्या मुख्य यंत्रणेला जोडलेला असतो, आणि काही मिनिटांत अग्निशमन दलाची गाडी खाली उभी राहते. विनाकारण गाडी यावी लागली तर तिचं शुल्क दीड हजार डॉलरच्या वर आहे आणि इमारतवाले ते पाहुण्यांकडून वसूल करू शकतात. तेव्हा आधी बाल्कनीचं दार किंवा खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा, तेल धुरावण्याआधी मोहरी टाका आणि मुख्य दार बंदच ठेवा. मिरचीची फोडणी मामेभावाच्या घरी. शेगडी इंडक्शनची आहे की साधी सिरॅमिकची हेही विचारून घ्या, कारण घरून आणलेला अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही.

मामेभावाचं म्हणणं प्रेमाचं आहे आणि त्याचा मान ठेवायलाच हवा, पण सगळा आठवडा तिथे राहून बंदर बघायचं म्हणजे ठाण्यात मुक्काम करून रोज गेटवेला जाण्यासारखं आहे. वेंटवर्थव्हिलहून शहर रेल्वेनं साधारण पाऊण तास. घर ते स्टेशन आणि गाडीची वाट धरली तर एका बाजूला तासाच्या वर. तरुण माणूस हे सहज करतो. आई मात्र दुपारी दमल्या की परत जाऊन तासभर पडता येणार नाही, आणि मग सगळ्यांचाच दिवस आटोपतो. वयस्कर माणसं सोबत असताना दुपारची विश्रांती खोलीवर घेता येणं यासारखी सोय नाही.

पण पहिली रात्र त्याच्याकडे काढायला मी आग्रहानं सांगतो, आणि ती पहिलीच असावी, शेवटची नव्हे. तुमचं विमान सकाळी उतरणार. इथे हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनच्या आधी हातात मिळत नाही. रात्रभराचा प्रवास करून आलेले आई-बाबा सामानासकट लॉबीत बसून राहतील, त्यापेक्षा घरी चहा, आंघोळ, वरणभात आणि झोप. शनिवार असल्यानं भाऊही मोकळा. संध्याकाळी तो तुम्हाला वेंटवर्थव्हिल किंवा हॅरिस पार्कच्या भारतीय दुकानांत नेईल. तांदूळ, मुगाची डाळ, पोहे, कढीपत्ता, हिंग सगळं तिथे मिळतं आणि शहरात तेच शोधत फिरावं लागतं. आठवड्याचं सामान तिथूनच भरा. त्यामुळे भारतातून खायच्या वस्तू आणायचा मोहही टळतो. तरी काही आणलंच, तर विमानातल्या प्रवेशपत्रावर प्रत्येक गोष्ट लिहून द्या. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतात. न लिहिलेली सापडली तर दंड जबर असतो. हॅरिस पार्कच्या विग्रॅम स्ट्रीटवर रात्री जेवा, बाबांना निवड करायला जागा मिळेल.

रविवारी संध्याकाळी शहरात यायचं आणखी एक कारण आहे. रविवारची रात्र शहरातल्या बहुतेक हॉटेलांना शुक्रवार-शनिवारपेक्षा स्वस्त असते. मात्र शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात आणि रेल्वेऐवजी बस लावतात, तेव्हा त्या दिवसाची स्थिती आधी पाहून घ्या. भावाकडे सगळे मावतील अशी मोठी गाडी असेल आणि तो सोडणार असेल तर प्रश्नच नाही.

विमानतळाबद्दल: तिथली रेल्वे चांगली आहे, सेंट्रल या शहरातल्या मुख्य स्टेशनला पंधरा मिनिटांच्या आत पोहोचते. पण २०००च्या ऑलिंपिकच्या आधी ही दोन विमानतळ स्टेशनं खासगी भागीदारीत बांधली गेली, आणि भाड्याखेरीज माणशी साधारण सतरा-अठरा डॉलर प्रवेश आकार अजूनही लागतो, मुलांना थोडा कमी. पाच जणांचा हिशोब केला तर मोठी मॅक्सी टॅक्सी बरी पडते. साध्या टॅक्सीत चारच प्रवासी बसतात, आणि मामेभावाची गाडी साधी असेल तर तिच्यातही तुम्ही पाच, तो आणि सामान मावणार नाही. परतीच्या शनिवारी तर टॅक्सी आदल्या दिवशी सांगून ठेवा.

शहरात फिरायला मोठ्यांनी आपापलं क्रेडिट कार्ड टेकवलं तरी चालतं, पण एकाच कार्डावर दोघांचा प्रवास होत नाही. मुलीसाठी मात्र मुलांचं ओपल कार्ड (इथलं रेल्वे-बस-फेरीचं प्रवास कार्ड) घ्या, बँकेचं कार्ड टेकवलं तर तिचंही पूर्ण भाडं कापलं जातं. शुक्रवार ते रविवार दिवसाच्या भाड्याची कमाल मर्यादा सोम ते गुरुवारच्या निम्मी असते. ब्लू माउंटन्स हा डोंगराळ भाग बघायला सेंट्रलहून तिथल्या कटूंबा गावाला दोन तासांची रेल्वे आहे. तो लांबचा प्रवास शुक्रवारी ठेवा. गाडी भाड्यानं घेऊ नका. शहरातलं पार्किंग रोजच्या जेवणापेक्षा महाग पडतं.

बाकीचे भाग थोडक्यात. सेंट्रल आणि हेमार्केट स्वस्त आहे, कटूंबाला जाणाऱ्यांना सोयीचं, विद्यार्थी आणि मित्रमंडळींना मी तेच सांगतो. फक्त स्वस्त खोलीला खिडकी आहे ना ते तपासा, बिनखिडकीच्या खोल्या इथे सर्रास विकल्या जातात. मिल्सन्स पॉइंट आणि किरिबिली पुलाच्या उत्तर टोकाला, शांत, आणि ओपेरा हाऊस शहराच्या पार्श्वभूमीवर सगळ्यात सुंदर दिसतं ते तिथून. पण मुक्कामाच्या जागा मोजक्या. तुम्ही याल तेव्हा किरिबिलीच्या मॅकडूगल स्ट्रीटवर जॅकरांडा जांभळा फुललेला असेल, एका सकाळी जरूर जा. बाँडाय या प्रसिद्ध समुद्रकिनाऱ्याला रेल्वेच नाही, बाँडाय जंक्शनला उतरून बस करावी लागते. मॅनली दुसऱ्यांदा येणाऱ्यांसाठी; खवळलेल्या समुद्रात फेऱ्या रद्द होतात आणि मग बसनं लांबचा वळसा पडतो.

घरगुती फ्लॅट ऑनलाइन घेत असाल तर जाहिरातीत 'पीआयडी-एसटीआरए' नं सुरू होणारा राज्य सरकारचा नोंदणी क्रमांक आहे का पाहा. नसेल तर सोडून द्या. पण माझा कौल स्वागतकक्ष असलेल्या अपार्टमेंट हॉटेललाच आहे, कारण आईंना रात्री काही झालं तर खाली माणूस असतो.

शेवटची गोष्ट पैशांची. चेक-इनला तुमच्या कार्डावर अनामत रक्कम अडकवून ठेवतात आणि सोडल्यावरही ती मोकळी व्हायला काही दिवस लागतात. यासाठी क्रेडिट कार्ड द्या. प्रवासखर्चाचं फॉरेक्स कार्ड दिलंत तर तेच पैसे पुढचा सगळा आठवडा वापरता येणार नाहीत. त्या 'हार्बर व्ह्यू' हॉटेलला अजून पैसे भरले नसतील तर भरू नका. भरले असतील तर विनाशुल्क रद्द करण्याची मुदत कधी संपते ते आजच बघा, आणि ती सिडनीच्या वेळेनुसार मोजा. दिवाळीच्या सुमारास सिडनी आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असते.